माणूस एका खिडकीला, गाडी दुसऱ्या खिडकीला

मालगुंडहून जयगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलींची रीघ लागते. गाड्या पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-सांगलीच्या. मागे दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या आणि हँडलवर नकाशा दाखवणारा फोन. गणपतीपुळ्याला दर्शन, मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी जरा विसावा, मग जयगडच्या जेट्टीवरून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे गुहागर. फेरीबोटीची वाट बघत उभ्या असलेल्या या मंडळींच्या गप्पांत लडाख होऊन गेलेले असते, नेपाळ ठरत असते आणि कुणीतरी हमखास विचारतो, इथून थेट लंडनपर्यंत गाडीने जाता येते का?

येते. लोक गेलेले आहेत. पण या प्रश्नानंतर गप्पा इंजिनाच्या ताकदीवर, टायरवर, पेट्रोलच्या टाकीवर जातात आणि खरा अवघड भाग बाजूलाच राहतो. रस्ता बिघडला तर हळू जाता येते, गाडी बिघडली तर ती ट्रकवर चढवता येते. सीमेवर कागद बिघडला तर दोन्ही करता येत नाही. गाडीने परदेश गाठलेल्या कुणालाही विचारा, सर्वांत थकवणारा दिवस कोणता, तो घाटाचे नाव सांगणार नाही, चौकीचे सांगेल.

जयगडच्याच बंदरात परदेशातून कोळसा घेऊन जहाजे येतात. जहाज आले की लगेच धक्क्याला लागत नाही. सीमाशुल्क, आरोग्य, खलाशांची कागदपत्रे, मालाची यादी, हे सगळे पार पडावे लागते आणि ते करायला जहाजाचा एजंट किनाऱ्यावर बसलेला असतो. मोटारसायकलवाल्याला असा एजंट नसतो. कप्तान तोच, खलाशी तोच, कागदांची पिशवी सांभाळणाराही तोच. रत्नागिरी तालुक्यातल्या कितीतरी घरांत आखातात किंवा बोटीवर नोकरी केलेले कुणी ना कुणी असतेच. त्या माणसांना व्हिसा, शिक्का, मुदत, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) हे शब्द तोंडपाठ असतात. पण तीही थबकतात ती एका गोष्टीपाशी: विमानाने जाणारा माणूस फक्त स्वतःला पलीकडे नेतो. गाडीने जाणाऱ्याला दोन प्रवासी पलीकडे न्यायचे असतात आणि दुसऱ्या प्रवाशाची चौकशी पहिल्यापेक्षा कसून होते.

सीमेवर माणसासाठी इमिग्रेशनची खिडकी असते आणि गाडीसाठी कस्टमची. पहिल्या खिडकीला विचारतात, तू कोण, किती दिवस राहणार. दुसऱ्या खिडकीला एकच चिंता असते: ही वस्तू तू आमच्या देशात विकणार तर नाहीस? दुसऱ्या देशातली मोटारसायकल आत आणणे म्हणजे कायद्याच्या भाषेत आयात. आयातीवर कर लागतो, आणि कित्येक देशांत तो गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जातो. प्रवाशाने तो भरावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते, पण गाडी परत बाहेर जाईल याची खात्री मात्र प्रत्येकाला हवी असते. सीमेवरचा सगळा कारभार या एका खात्रीभोवती फिरतो. हे एकदा डोक्यात बसले की खिडकीमागचा माणूस उगाच छळतो आहे असे वाटत नाही, आणि त्याच्यापुढे कोणता कागद कधी ठेवायचा हेही आपोआप कळते.

ही खात्री देण्याची सर्वांत जुनी आणि भक्कम रीत म्हणजे 'कार्ने' (carnet). वाहनाच्या तात्पुरत्या आयातीची ही वही १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे. महाराष्ट्रातल्या माणसाने ती मिळवायची मुंबईतून. चर्चगेटजवळ वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचे कार्यालय आहे. ही संस्था १९१९ पासूनची. तिथे अर्ज, गाडीचे कागद, पासपोर्ट आणि गाडीच्या किमतीवर ठरणारी बँकेची हमी द्यावी लागते. ही हमी हाच या वहीचा प्राण. उद्या गाडी एखाद्या देशात राहून गेली तर तो देश कराची मागणी या संस्थेकडे करतो आणि संस्था ती आपल्या हमीतून वसूल करते. म्हणजे लाख-दोन लाखांची गाडी घेऊन निघालेल्या माणसाचा त्याहून मोठा पैसा घरी बँकेत अडकून पडलेला असू शकतो. प्रवासाच्या खर्चाचा हिशेब मांडताना पेट्रोल आणि मुक्काम धरणारे पुष्कळ असतात. ही रक्कम आधी धरायला हवी.

वही उघडून पाहण्यासारखी असते. पहिल्या पानावर गाडीचे वर्णन: नंबर, बनावट, साल, चासी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, रंग कोणता, वजन, किंमत, जादा टायर आहेत का. आतले प्रत्येक पान एका देशासाठी, आणि प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमचा माणूस एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडला जातो, आणि तिसरा वहीतच राहतो. त्या राहिलेल्या भागावर दोन जागा असतात, एक आत आल्याच्या शिक्क्याची, एक बाहेर गेल्याच्या. दोन्ही जागा भरल्या की त्या देशापुरते आपण मोकळे. एक जरी रिकामी राहिली तर कागदोपत्री आपली गाडी अजून त्या देशातच फिरते आहे.

म्हणून खिडकी सोडण्याआधी, मागे कितीही मोठी रांग असो, वही उघडून बघायची. शिक्का योग्य चौकटीत पडला आहे का, तारीख वाचता येते का, सही आहे का, फाडायचा तोच भाग फाडला आहे का. आडवाटेच्या चौकीवर अशी वही महिनोन् महिने येत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याने ती कदाचित पूर्वी पाहिलेलीही नसते. तो प्रामाणिकपणे चुकीचा भाग फाडू शकतो. त्याला शांतपणे, मागचे भरलेले पान दाखवून समजावता येते. दोनशे किलोमीटर पुढे गेल्यावर काहीच समजावता येत नाही.

वही सगळीकडे लागत नाही. इराण, पाकिस्तान, बांगलादेश, इजिप्त, केनिया इथे तिच्याशिवाय गाडी हलत नाही. युरोपात, मध्य आशियात, रशियात ती न दाखवताही जाता येते. तिथे सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा वेगळा कागद करून देतात. चीनमध्ये ना ही वही चालते ना आपला आंतरराष्ट्रीय परवाना. त्यांची व्यवस्थाच निराळी आहे, तिच्याकडे येतोच.

आता घरचे कागद. अडचणींचे मूळ बहुधा इथेच असते आणि त्या इथेच सोडवता येतात. आपल्या एम. एच. ०८ च्या गाड्या पुष्कळदा चालवणाऱ्याच्या नावावर नसतात. मुंबईला नोकरी करणाऱ्या भावाने घेतलेली, वडिलांच्या नावावर असलेली, किंवा आरसीवर अजून बँकेचा बोजा असलेली गाडी घेऊन गोव्यापर्यंत जायला कुणी हरकत घेत नाही. परदेशाच्या कस्टमपुढे ती दुसऱ्याची मालमत्ता ठरते. मग मालकाचे अधिकारपत्र, ते नोटरी केलेले, इंग्रजीत आणि शक्य तर रशियन भाषांतरासह; बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र. माझे मत विचाराल तर लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि कर्ज फेडून मगच निघावे. अधिकारपत्रे चालतात, पण प्रत्येक चौकीवर ती नव्याने समजावून सांगावी लागतात.

नावाचेही तसेच. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आरसीवर आडनाव आधी. लायसनवर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईच्या एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. मराठी माणसाला ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे बघताक्षणी कळते. किर्गिझस्तानच्या सीमेवरचा शिपाई अक्षरे मोजतो. निघण्याआधी सगळ्या कागदांवर नाव आणि स्पेलिंग एकसारखे करून घेणे हे चार-सहा महिन्यांचे काम आहे, आठवडाभराचे नव्हे.

आणि चासी नंबर. हँडलखाली, गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. कोकणातली खारी हवा पत्रा खाते तशी ही अक्षरेही खाते. सीमेवर कस्टमचा माणूस वाकून, विजेरी लावून, तो नंबर कागदावरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवतो. इंजिन नंबर सोडून देतील, हा सोडत नाहीत. आठ गंजून तीन झाला की संशयाला जागा झाली. रॉकेलच्या फडक्याने तो भाग पुसायचा, ग्रीसचा पातळ हात द्यायचा, वर्षातून दोनदा बघायचा. घासकागद मात्र लावायचा नाही, वरून रंगही मारायचा नाही. खाडाखोड केल्यासारखा दिसणारा नंबर गंजलेल्या नंबरापेक्षा वाईट.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो, एक वर्षाचा. मागच्या बाजूला पांढऱ्या लंबगोलावर काळ्या अक्षरांत आय-एन-डी हे देशचिन्ह लावायचे असते. ही पद्धत १९४९ च्या जिनिव्हा करारातली. आफ्रिकेकडे वळायचे असेल तर पीतज्वराची लस आणि तिचे पिवळे कार्ड. एवढे झाले की घरचा अभ्यास पुरा.

मग प्रश्न येतो, जायचे कुठून. नकाशावर भारताला जमिनीवरून पुष्कळ शेजारी दिसतात. मोटारसायकलसाठी दारे फार थोडी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ती एकेक करून मिटत गेली आहेत.

पश्चिमेचा रस्ता सर्वांत सोपा होता. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत बसगाड्याच्या बसगाड्या दिल्लीला येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि तो रस्ता मोडला. भारतीय नंबराच्या खासगी गाडीला अटारी-वाघा ओलांडणे त्यानंतरही क्वचितच जमे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकीच बंद झाली.

पूर्वेकडच्या वाटेशी रत्नागिरीचा जुना आणि कडू संबंध आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही शहरात उभा आहे. त्याला समुद्रावरून आणले होते. रस्त्याने मंडालेला जायचे तर मणिपूरमधल्या मोरेहून पलीकडे तामूला शिरायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ही चौकी पासपोर्ट-व्हिसावाल्या प्रवाशांसाठी रीतसर उघडली आणि मोटारसायकलवाल्यांना मोठे दार मिळाल्यासारखे झाले. परवानगी आधी काढून, सोबतीला वाटाड्या घेऊन लोक म्यानमार ओलांडून थायलंडपर्यंत जात होते. २०२० मध्ये कोविडची साथ आली, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले. आज रत्नागिरीचा माणूस थिबाच्या गावी गाडीने जाऊ शकत नाही. मोरे-तामूपासून मे सोतपर्यंतच्या महामार्गाची चर्चा मात्र दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे.

राहिला उत्तरेचा रस्ता: नेपाळ, तिबेट, चीनमधला शिनच्यांग आणि मग मध्य आशिया. सध्या मुंबईहून लंडनकडे निघणारे याच वाटेने जातात.

नेपाळची सीमा शिकाऊ माणसासाठी उत्तम. सुनौलीला मी ती ओलांडली तेव्हा कमानीखालून सायकली, टांगे, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका बिनदिक्कत ये-जा करत होत्या आणि कुणी कुणाला अडवत नव्हते. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. आणि याच मोकळेपणात लोक फसतात. गर्दीबरोबर गाडी पुढे काढतात आणि थेट बुटवलच्या वाटेला लागतात. माणसाला सीमा मोकळी आहे, गाडीला नाही. कमानीनंतर भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय, शोधायचे. आरसी, लायसन आणि ओळखपत्र दाखवायचे, किती दिवस राहणार ते सांगायचे, रोजाच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. भारतीय गाडीला वर्षाकाठी ठरावीकच दिवस मिळतात. दिवस सांगताना दोन जास्त सांगावेत. दरड कोसळली, पाऊस लागला, तर त्या दोन दिवसांची किंमत पुढच्या दंडापेक्षा पुष्कळ कमी असते. पावसाळ्यात आंबा घाट, कुंभार्ली घाट बघितलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. दसरा-तिहारच्या दिवसांत तिथली कार्यालये सुट्टीवर असतात, हेही निघण्याआधी पंचांगात बघून ठेवावे.

नेपाळमधून चीनमध्ये शिरण्याच्या मुख्य वाटा दोन, तातोपानी आणि रसुवागढी. २०१५ च्या भूकंपाने तातोपानीची वाट काही वर्षे बंद पाडली होती. ८ जुलै २०२५ रोजी आलेल्या पुराने रसुवागढीचा मितेरी पूलच वाहून नेला. रात्रीतून पूल गेला आणि त्याबरोबर कितीतरी जणांच्या परवानग्या, तारखा, ठरलेले वाटाडे सगळे बसले. सीमेची तयारी करताना दुसरी वाट हाताशी ठेवायची ती यासाठी.

चीनमध्ये परदेशी गाडी एकटी फिरू शकत नाही. सरकारमान्य प्रवास संस्थेमार्फत आधीच अर्ज करायचा, सोबत सतत त्यांचा वाटाडा, तिबेटसाठी वेगळा परवाना, सीमेवर गाडीची तपासणी आणि मग तात्पुरते चिनी लायसन व तात्पुरती चिनी नंबरपट्टी. खर्च मोठा, म्हणून चार-सहा स्वार मिळून गट करतात आणि वाटाड्याचा खर्च वाटून घेतात. गट करण्यात एक धोका आहे तो आधी नीट बोलून घ्यावा: परवान्यावर सगळ्यांची नावे एकत्र असतात. एकाचा व्हिसा अडला किंवा एकाची गाडी बंद पडली तर बाकीच्यांच्या तारखाही अडचणीत येतात.

शिनच्यांगच्या पश्चिम टोकाला किर्गिझस्तानकडे उतरणाऱ्या दोन मुख्य खिंडी आहेत, तोरुगार्त आणि इर्केश्ताम. तोरुगार्त ३,७५२ मीटर उंचीवर. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत सर्वांत उंच कळसूबाई, तेही १,६४६. इर्केश्तामची गंमत अशी, की चीनचे कस्टम आणि इमिग्रेशन खिंडीत नाही, सुमारे १४० किलोमीटर अलीकडे आहे. तिथे पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि तुम्ही कागदोपत्री चीनच्या बाहेर जाता, पण प्रत्यक्षात चीनमध्येच तासन् तास गाडी चालवत असता. या दोन्ही खिंडी शनिवार-रविवारी आणि चिनी सुट्ट्यांच्या दिवशी बंद असू शकतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पोचलेला माणूस आठवडाभर अडकू शकतो, आणि वाटाड्याचे रोजाचे पैसे चालूच राहतात.

दोन चौक्यांमधल्या त्या पट्ट्यात एक भीती प्रत्येकाच्या मनात असते, आणि ती खरी आहे. अलीकडच्या देशाने बाहेर काढले आणि पलीकडच्याने घेतले नाही तर? अलीकडचा व्हिसा एकदाच शिरण्याचा असेल तर तो त्या शिक्क्यासरशी संपलेला असतो. इलाज एकच: जिथे मिळेल तिथे दोनदा किंवा अनेकदा शिरण्याचा व्हिसा काढायचा, जरा महाग पडला तरी. आणि चौकीवर सकाळी लवकर पोचायचे. काही बिनसलेच तर फोन करायला, साहेबाला शोधायला, दूतावासाशी बोलायला दिवस हातात राहतो. संध्याकाळी चारला पोचलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते.

किर्गिझस्तानपासून कागदांचे आणखी एक निराळे गणित सुरू होते. किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, आर्मेनिया, बेलारूस हे पाच देश मिळून एकच कस्टम क्षेत्र आहे. पहिल्या देशात शिरताना गाडीचा जो तात्पुरत्या आयातीचा कागद होतो तोच पुढच्या देशांत चालतो. मधल्या सीमांवर पासपोर्टवर शिक्के पडतात पण गाडीचा नवा कागद होत नाही. म्हणून तो एक कागद जिवापाड जपायचा आणि त्यावरची मुदत बघायची. उझबेकिस्तान मात्र या गटात नाही. समरकंद-बुखारा बघायला आत वळलात की जुना कागद जमा आणि नवा सुरू; परत कझाकस्तानात आलात की पुन्हा नवा. माणसाच्या व्हिसाचे दिवस आणि गाडीच्या कागदाचे दिवस वेगवेगळे असतात हे इथे पदोपदी जाणवते. डायरीत दोन वेगळे रकाने करून, प्रत्येक देशापुढे दोन्ही शेवटच्या तारखा लिहून ठेवाव्यात.

उझबेकिस्तानच्या सीमेवर पेट्यांची झडती कसून होते. ड्रोन आत नेता येत नाही. औषधेही तपासतात, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या इथे साध्या औषधांत मोडत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, मूळ वेष्टनासह जवळ हवी, आणि ज्याची गरज नाही ते नेऊच नये. आखातात राहिलेल्या आपल्या मंडळींना हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवरची खसखस अमिरातीत आणि सौदी अरेबियात बंदी असलेली वस्तू आहे, आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. ऐन दिवाळीत परदेशी निघणाऱ्याच्या डब्यात काय आहे हे घरच्यांनी एकदा बघावे. गाडीवाल्याने तर दुसऱ्या कुणाचेही पुडके, कितीही ओळखीच्याचे असले तरी, पेटीत घेऊ नये.

कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडून बाकूला उतरायचे, ही पूर्वीची लाडकी वाट. अझरबैजानने मार्च २०२० मध्ये जमिनीच्या सीमा बंद केल्या आणि त्या पुढे मुदतवाढीमागून मुदतवाढ देत बंदच ठेवल्या. त्यामुळे सगळी गर्दी रशिया-जॉर्जियामधल्या वेर्खनी लार्स या एकाच चौकीवर येऊन पडते. कॉकेशसच्या अरुंद दरीतला हा रस्ता. हिवाळ्यात बर्फाचे कडे आणि पावसाळ्यात दरडी तो बंद पाडतात, ट्रकांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांबतात. रशियात २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे चालत नाहीत, तेव्हा रोख डॉलर हवेत आणि ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे असतील तर शिरताना जाहीर केलेले हवेत. जॉर्जियात मार्च २०१८ पासून परदेशी गाडीला तिथला विमा सक्तीचा आहे. तुर्कस्तानात गाडीची नोंद थेट मालकाच्या नावावर होते. घरी काही दुःखद घडले आणि विमानाने तातडीने यायचे झाले तरी गाडी तिथे ठेवून तसेच निघता येत नाही, आधी कस्टमकडे व्यवस्था करावी लागते. म्हाताऱ्या आई-वडिलांना घरी ठेवून निघणाऱ्याने हा एक नियम आधी वाचावा असे मला मनापासून वाटते.

युरोपात शिरले की बहुतेक देशांच्या मधल्या सीमा जाणवतही नाहीत. या शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस मोजण्यात चूक झाली तर यंत्र ती लगेच दाखवते. आपल्या विमा कंपन्यांचा विमा तिथे चालत नाही, युरोपच्या दारातच सीमेवरचा विमा घ्यावा लागतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

या वाटेने मुंबईचे योगेश आलेकरी यांनी मे २०२५ मध्ये केटीएम मोटारसायकलवर प्रवास सुरू केला. सतरा देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर करून ते ब्रिटनला पोचले. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या वोलटन पार्कपाशी त्यांची गाडी भरदिवसा चोरीला गेली आणि गाडीबरोबर पासपोर्ट, पैसे, सामानही. इतक्या सीमा पार केलेल्या माणसाला एका बागेपाशी हे व्हावे, ही बातमी वाचताना जीव कळवळला. तिथल्या लोकांनी मदतीचा हात दिला, मॅन्सफिल्डच्या एका दुकानाने त्यांना दुसरी मोटारसायकल दिली. त्या माणुसकीचे मोल मोठेच आहे. पण पुढे जाऊ पाहणाऱ्याने यातली कागदांची बाजूही नीट समजून घ्यावी. गाडी दुसरी म्हणजे आरसी दुसरी, चासी नंबर दुसरा, नोंदणीचा देशही दुसरा. मुंबईत केलेल्या वहीवर तिचे वर्णन नसते. आणि जी गाडी हरवली ती तिथल्या कस्टमच्या दृष्टीने अजून देश सोडून गेलेली नसते. ती चोरीस गेल्याचा पोलिसांचा दाखला हाच तेव्हा आपल्या बाजूचा एकमेव पुरावा. म्हणून पासपोर्ट, आरसी आणि वही ही तीन कधीही गाडीच्या पेटीत ठेवायची नाहीत. जेवायला, फोटोला, आंघोळीलाही ती अंगाशी. प्रती पेटीत, आणखी एक प्रत घरी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना ठाऊक.

चिरीमिरीबद्दल विचारतात. मी ज्यांना विचारले त्या अनुभवी स्वारांचे एकमत आहे, की कागद पुरे असलेल्या आणि वेळ हातात असलेल्या माणसाकडून पैसे उकळणे अवघड असते. पावती मागायची, हसून मागायची, हेल्मेट आणि काळा चष्मा काढून मागायची. चौकीबाहेर 'मी करून देतो' म्हणत येणाऱ्या मध्यस्थाच्या हातात पासपोर्ट द्यायचा नाही. चौकीचा, सैनिकांचा, पुलाचा फोटो काढायचा नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा आधीच काढून पेटीत टाकायचा. चौकीवर कुणाचा तरी एक वाईट दिवस असतो, त्यात आपण भर घालायची नाही.

आपल्याला सीमेची सवय नाही असे म्हणतात, ते रत्नागिरीच्या बाबतीत तरी खरे नाही. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी बांदा, सातार्डा, आरोंदा ही सगळी रत्नागिरी जिल्ह्याची गावे होती आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्या पलीकडे पोर्तुगालचे राज्य होते. एकच बोली, एकच देव, एकमेकांत सोयरीक, आणि मध्ये परक्या राज्याची चौकी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडले. आज त्या जागेवरून मोटारसायकल न थांबता जाते आणि अलीकडे इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले फार तर दारूची बाटली आहे का ते बघतात. कुठली सीमा केव्हा मिटेल आणि कुठली केव्हा बंद होईल हे प्रवाशाच्या हाती नाही. मोरे बंद झाले, पत्रादेवी उघडले. एकाच माणसाच्या हयातीत दोन्ही झाले.

परतीचा प्रवास बहुतेकांची गाडी समुद्रावरून करते. युरोपातल्या एखाद्या बंदरात ती लाकडी खोक्यात बंद होते: पेट्रोल काढलेले, बॅटरी सोडवलेली, खोके कंटेनरमध्ये. न्हावाशेव्याला कंटेनर उतरला की आपलेच कस्टम विचारते, ही गाडी इथूनच गेली होती कशावरून? निघताना सीमेवर भारताच्या कस्टमकडून बाहेर गेल्याची नोंद करून घेतली असेल तर उत्तर सोपे असते. नेपाळच्या गर्दीतून तसेच निघून गेलेल्या माणसाला ते शोधावे लागते. म्हणजे निघाल्या दिवशी, अजून उत्साह ओसंडत असताना, भारताच्या बाजूच्या खिडकीवर अर्धा तास उभे राहून केलेले काम वर्षाअखेरीला कामी येते. गाडी सोडवून घेतली की वही परत चर्चगेटला न्यायची. तिथले कर्मचारी एकेक पान उलटून आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा शिक्का जुळवतात, परत भारतात आल्याची नोंद बघतात, आणि सगळे जुळले की बँकेची हमी मोकळी करायचे पत्र देतात. ते पत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी बँकेत जावे. पुढच्या प्रवासाला तोच पैसा लागणार असतो.